पायलटची नोकरी, थकलेला पगार आणि दिवाळखोर कंपनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोलीचा. एका छोट्या विमान कंपनीत एटीआर या पंख्याच्या लहान प्रवासी विमानावर को-पायलट होतो. चार महिने पगार थकला, मग एका संध्याकाळी रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) कोरे आले आणि कंपनी संपली. पुन्हा कॉकपिटमध्ये बसायला मला वर्षाहून जास्त काळ लागला. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून पेडणे, सत्तरी, फोंडा, बांदा-सावंतवाडीकडची मुले आणि त्यांचे आईवडील मला सारखे तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. मी वकील नाही. थकबाकी मोठी असेल तर कामगार कायदा आणि दिवाळखोरी कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवाच.

१. प्रादेशिक विमान कंपनी म्हणजे कोणती? तिथली नोकरी जास्त कच्ची का मानतात?

साधारण सत्तर-ऐंशी किंवा त्याहून कमी आसनांची विमाने घेऊन लहान शहरे जोडते ती. मोपाहून मार्च २०२४ पासून एटीआर ७२-६०० उडवणारी फ्लाय९१, सरकारी मालकीची अलायन्स एअर, एम्ब्रेयर विमाने चालवणारी स्टार एअर ही आपल्या भागातल्या लोकांच्या ओळखीची नावे. नावे केवळ ओळख पटावी म्हणून दिली, त्यांच्या प्रकृतीबद्दल मी काही सुचवत नाही.

कच्चेपणा धंद्याच्या रचनेत आहे. विमाने थोडी आणि बहुधा भाड्याची. पाचातली दोन सुट्या भागांअभावी उभी राहिली की उत्पन्न जवळजवळ निम्मे होते, पण पगार, विमानांचे भाडे आणि विमा तेवढाच राहतो. भाडे डॉलरमध्ये द्यायचे, तिकीट रुपयात विकायचे. त्यात लहान शहरे जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेतल्या मार्गांवर सरकारी अनुदान ३ वर्षांचे असते. सिंधुदुर्गातल्या चिपीहून मुंबईचे विमान ऑक्टोबर २०२१ मध्ये याच योजनेत सुरू झाले होते. अनुदानाची मुदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो किंवा बंद होतो. एअर पेगासस २०१६ मध्ये थांबली, एअर कोस्टा २०१७ मध्ये, ट्रूजेट २०२२ मध्ये. मोठ्याही पडल्या: किंगफिशर २०१२, जेट एअरवेज २०१९, गो फर्स्ट २०२३. पण लहान कंपनी पडते तेव्हा तिच्या पायलटांची बातमी होत नाही आणि त्यांच्यासाठी बोलणारी संघटनाही बहुधा नसते.

२. कंपनी बुडायला लागली हे आधी कसे कळेल?

पगार उशिरा येणे ही पहिली खूण नव्हे, ती बरीच पुढची. त्याआधी पीएफ थांबतो. प्रत्येक महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पासबुक मोबाइलवर दिसते, ते दर महिन्याला उघडून पाहा. पगारपत्रकावर कपात दिसते आणि पासबुकात जमा दिसत नाही, तर तुमच्या पैशावर कंपनी दिवस काढते आहे. कराचेही तसेच: आयकर संकेतस्थळावरच्या फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) टीडीएस दिसतो का ते दर तिमाहीला बघा.

बाकीच्या खुणा विमानाभोवती दिसतात. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावणे वाढते. सिम्युलेटरच्या (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधल्या सरावाच्या) तारखा पुढे जातात, कारण सिम्युलेटरवाले आगाऊ पैसे मागू लागलेले असतात. हॉटेलवाला क्रूला दुसरे हॉटेल शोधायला सांगतो. इंधन रोखीने भरले जाते. आमच्याकडे हे सगळे झाले होते. आम्ही क्रू रूममध्ये त्यावर बोलत होतो आणि तरी कोणी पासबुक उघडले नव्हते.

यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर त्याच आठवड्यात प्रश्न ११ मधले कागद गोळा करा. राजीनाम्याचा निर्णय नंतर सावकाश घेता येतो, कागद नंतर मिळत नाहीत.

३. दोन महिने पगार नाही. मी उड्डाण नाकारू शकतो का?

वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा, आणि ही संहिता पायलटलाही लागू आहे. पण पगार थकला म्हणून आयत्या वेळी विमान सोडून जाणे हा धोक्याचा मार्ग आहे. ऐनवेळी उड्डाणे रद्द होतील असे वागणे डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या नियमात सार्वजनिक हिताविरुद्ध मानले आहे.

आधी लेखी मागणी करा. ईमेलमध्ये महिना, रक्कम, देय तारीख. दर महिन्याला नवा ईमेल. फोनवर एचआर कितीही गोड बोलले तरी ईमेल पाठवाच.

याला एक बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हप्ते थकलेत, झोप नाही, डोक्यात तेच चालले आहे, अशा अवस्थेत तुम्ही उडायला खरोखर योग्य नसाल तर स्वतःला अनफिट कळवणे हे तुमचे कर्तव्यच आहे. मागे सत्तर माणसे बसलेली असतात. मात्र हे खरे असेल तेव्हाच करा. दबाव आणण्यासाठी वापरलेत तर प्रश्न ७ वाचा.

४. नोटीस पिरियड खरेच सहा महिने आणि एक वर्ष आहे का?

हो. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला ६ महिने आणि कमांडरला (कॅप्टनला) १ वर्ष. कंपनीने एनओसी (ना हरकत पत्र) देऊन राजीनामा लवकर स्वीकारला तर मुदत कमी होते. वैमानिक संघटनांनी या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते.

लोक नियमाचा दुसरा भाग विसरतात. नोटीसच्या काळात कंपनीने पगार किंवा सवलती कमी केल्या, किंवा तुमचे नुकसान होईल अशा अटी बदलल्या, तर मुदतीआधी सोडण्याची विनंती करायला तुम्ही मोकळे असता. म्हणून थकलेल्या पगाराचे ईमेल (प्रश्न ३) राजीनाम्याला जोडा आणि त्यात या तरतुदीचा उल्लेख करा.

नोटीस न देता निघून गेल्यास काय होते हे २०२३ मध्ये दिसले. ४३ पायलट अचानक गेल्यावर अकासा एअर त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि नियामकाने हस्तक्षेप करावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयातही. नोकरीच्या करारात आपण पडू शकत नाही, अशी भूमिका डीजीसीएने तिथे घेतली. नियामक तुमच्या कंपनीच्या बाजूने येणार नाही, तसा तुमच्याही बाजूने येणार नाही.

५. टाइप रेटिंगच्या बाँडचे पैसे द्यावेच लागतात का?

टाइप रेटिंग म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता. त्या प्रशिक्षणाच्या बदल्यात कंपनी ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेते. तो बेकायदा असतो, असे क्रू रूममध्ये सर्रास सांगतात. ते चूक आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा नोकरीचा बाँड वैध ठरवला. नोकरी चालू असताना ठरावीक मुदत बांधून घेणे म्हणजे धंद्याला मज्जाव नव्हे, असे न्यायालय म्हणाले. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचे नाही, ही अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणे कठीण.

रकमेवर वाद घालता येतो. कलम ७४ खाली मिळते ती वाजवी भरपाई. प्रशिक्षणाचा खर्च खरोखर किती झाला, तो कंपनीने केला की तुमच्या पालकांनी, बाँडची किती मुदत तुम्ही पूर्ण केली, हे सगळे मोजले जाते. रेटिंगचे पैसे तुम्ही स्वतः भरले आणि वर बाँडही लिहून घेतला असेल, तर पावत्या जपा. कोरा धनादेश देऊ नका. दिला असेल तर त्याचा क्रमांक लिहून ठेवा.

६. करार सुरू असताना कंपनीने पगाराचे सूत्र बदलले. सही करू का?

पायलटच्या पगाराचा मोठा भाग दर महिन्याला हमी दिलेल्या उड्डाण-तासांवर ठरतो. २०२४ च्या सुरुवातीला विस्तारा या विमान कंपनीने एअर इंडियातील विलीनीकरणाआधी ७० ऐवजी ४० तासांच्या हमीचा करार पुढे केला, तेव्हा एप्रिलमध्ये पायलटांच्या नाराजीने उड्डाणे कोलमडली. तासांचा आकडा एका ओळीत असतो आणि घराचे गणित त्या एका ओळीवर चालते.

सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा: हमीचे तास, विमान उपलब्ध नसल्यास ते मिळतात का, आणि जुन्या थकबाकीचे काय. ‘या आधीच्या सर्व मागण्या पूर्ण झाल्या’ असे वाक्य नव्या करारात असेल तर तुमचा थकलेला पगार त्या वाक्यात बुडतो. माझ्या एका सहकाऱ्याचे पाच महिन्यांचे पैसे असेच गेले. सही करावीच लागली तर शेजारी ‘थकबाकीचा हक्क राखून’ असे लिहा आणि त्याचा फोटो काढा.

७. सगळ्यांनी मिळून आजारी रजा टाकली तर?

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तो संपच मानला जातो. संपासाठी १४ दिवसांची आगाऊ नोटीस लागते. ती न देता केलेला संप बेकायदा ठरतो आणि कंपनीला कारवाईचे निमित्त मिळते. एकजूट हवीच, पण ती सह्यांच्या निवेदनात दाखवा. वीस जणांच्या सह्यांचे पत्र वीस अनफिट अहवालांपेक्षा न्यायालयात जास्त टिकते.

८. पायलट कायद्याने ‘कामगार’ आहे का? एवढा पगार असून?

पगाराचा आकडा एकटा निर्णायक नसतो, कामाचे स्वरूप पाहतात. कंपन्या म्हणतात की कॅप्टन क्रूवर देखरेख करतो, म्हणून तो पर्यवेक्षक. पायलटचे मुख्य काम विमान उडवणे हे तांत्रिक कौशल्याचे आहे आणि तो कामगार ठरू शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले आहे. को-पायलटची बाजू आणखी भक्कम. याचा पैशाशी थेट संबंध कसा येतो ते प्रश्न १२ मध्ये आहे. तोपर्यंत एवढेच: कंपनीने पदनामापुढे ‘मॅनेजर’ जोडायचा प्रस्ताव दिला तर खुश होण्याआधी विचार करा.

९. दिवाळखोरीचा अर्ज झाला म्हणजे नोकरी गेली का?

त्या दिवशी जात नाही. अर्ज दाखल झाला की राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, तो स्वीकारायचा की नाही हे ठरवते. स्वीकारला की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि रिझोल्यूशन प्रोफेशनल (न्यायाधिकरणाने नेमलेला व्यावसायिक) कारभार हाती घेतो. त्याच दिवसापासून कंपनीविरुद्धचे न्यायालयातले दावे आणि वसुली गोठते, यालाच स्थगिती म्हणतात. नवा मालक मिळाला तर कंपनी चालते, नाही तर लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी मोडणे.

कागदावर ही मुदत ३३० दिवसांची. प्रत्यक्षात जेटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला थांबले, प्रकरण जूनमध्ये एनसीएलटीत गेले आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा आदेश दिला. साडेपाच वर्षे. गो फर्स्टने २ मे २०२३ ला स्वतःहून अर्ज केला, ३ मेपासून विमाने थांबली ती पुन्हा उडालीच नाहीत, आणि जानेवारी २०२५ मध्ये लिक्विडेशन झाले. म्हणून ‘नवा गुंतवणूकदार येतोय’ या बातमीवर घरी बसून राहू नका. आम्ही राहिलो. तीन वेळा तीच बातमी आली.

१०. भाड्याची विमाने मालकांनी परत नेली तर कंपनी उठू शकते का?

फार कठीण. ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमाने आणि इंजिने दिवाळखोरीतल्या स्थगितीतून वगळली, आणि एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गो फर्स्टच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितले. आता मालक विमाने लवकर नेऊ शकतो. हँगर रिकामा दिसला की नवी नोकरी शोधायला लागा.

११. थकलेल्या पगाराचा दावा कसा करायचा?

दिवाळखोरी मंजूर झाल्यावर वर्तमानपत्रात आणि कंपनीच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना येते. कर्मचारी आणि कामगारांनी फॉर्म ‘डी’ भरायचा. सूचनेत शेवटची तारीख असते, साधारण १४ दिवसांची. उशिरा दावा करण्याची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. प्रतिनिधीमार्फत एकत्र दावा करायचा असेल तर फॉर्म ‘ई’.

दाव्याला जोडायचे कागद: नेमणूक पत्र आणि त्यानंतरचे सगळे बदल, पगारपत्रके, बँकेचे उतारे, थकबाकीचे ईमेल, प्रवास आणि हॉटेल भत्त्याची बिले, न घेतलेल्या रजेचा हिशेब. कंपनीचा ईमेल सर्व्हर बिल न भरल्यामुळे एके दिवशी बंद होतो, म्हणून हे सगळे वेळेत स्वतःच्या खात्यात घ्या.

आणि लॉगबुक. ई-जीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन प्रणालीवरचे तास कंपनीच्या अधिकृत माणसाकडून मंजूर व्हावे लागतात. तोच नोकरी सोडून गेला की मंजुरीसाठी फेऱ्या सुरू होतात. पैसे उशिरा मिळाले तरी माणूस निभावतो, पण तासांची नोंद अडकली तर पुढची नोकरीच अडते. प्रशिक्षणाची फाइल, पीपीसीचे (पायलटच्या कौशल्य तपासणीचे) अहवाल, अनुभवाचा दाखला, सगळे घ्या.

एकट्या पायलटने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर थकबाकी किमान १ कोटी रुपये लागते, म्हणजे ते जवळजवळ अशक्य. पण नोंदणीकृत संघटना सभासदांच्या वतीने असा अर्ज करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

१२. शेवटी हातात किती येते?

मन घट्ट करून वाचा. लिक्विडेशनमध्ये आधी प्रक्रियेचा खर्च फिटतो. मग सुरक्षित कर्ज दिलेल्या बँकांच्या बरोबरीने कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी येते. त्यानंतर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची. प्रश्न ८ चे महत्त्व इथे कळते: कामगार ठरलात तर बँकेच्या रांगेत, नाही तर तिच्या मागे. दाव्यात आपण कामगार असल्याचे कारणांसह लिहा. आणि जिथे भाड्याची विमाने परत गेलेली असतात, तिथे मागच्या रांगेपर्यंत फारसे काही पोचत नाही.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी. कायद्याने ती रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. जेटच्या कर्मचाऱ्यांना ती पूर्ण द्या, असा आदेश अपिलीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील फेटाळले. ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षांच्या सेवेनंतर, मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतर. छोट्या कंपन्यांत मुदतीचे करार सर्रास असतात, तेव्हा हे तपासाच.

दिवाळखोरी सुरू असतानाच्या काळाचा पगार? कंपनी चालू ठेवली गेली आणि तुम्ही प्रत्यक्ष काम केले असेल तरच तो प्रक्रियेच्या खर्चात धरतात. एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसा आहे. म्हणून त्या काळात बोलावले तर हजेरीची नोंद ठेवा.

१३. कंपनीने टीडीएस कापला पण भरला नाही. आयकर खात्याची नोटीस मला आली. आता?

कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, आयकर कायद्यातच तशी मनाई आहे. नोटीसला उत्तर द्या आणि पगारपत्रक, बँक उतारा जोडा. गप्प बसू नका.

१४. काम नसताना लायसन्स आणि रेटिंग कसे टिकवायचे?

मेडिकल (वैद्यकीय तपासणी) चुकवू नका. ते तुमच्या हातात आहे आणि खर्च झेपणारा आहे. पीपीसी सहा महिन्यांनी, त्याला सिम्युलेटर लागतो आणि तो महाग. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि लँडिंग झाले नाहीत तर अलीकडचा सराव संपतो, पण नवी कंपनी तो करून घेते. आम्ही चौघांनी मिळून सिम्युलेटरचे सत्र घेतले, खर्च वाटून गेला.

विमानाचा प्रकारही बघा. एअर कोस्टा २०१७ मध्ये थांबली तेव्हा एम्ब्रेयर १७०/१९० चालवणारी दुसरी प्रवासी कंपनी देशात नव्हती. एटीआरवाल्यांना निदान दोन-तीन दारे असतात.

गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याची विनंती मुदतीआधी करा, घरात वयस्कर माणसे असतील तर आधीच. लायसन्स गमावल्याचा विमा मेडिकल गेल्यावर मिळतो, कंपनी बुडाल्यावर नाही.

१५. गोव्यात तक्रार कुठे करायची?

विमानसेवा केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे पणजीच्या राज्य कामगार आयुक्तांऐवजी वास्कोतल्या केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे जा. पीएफसाठी पणजीचे विभागीय कार्यालय. एनसीएलटीचे ठिकाण कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर ठरते, गोव्यात नोंदलेली असेल तर मुंबई खंडपीठ. रिट करायची वेळ आली तर पर्वरीचे उच्च न्यायालय.

१६. अमेरिकेत कंपनी दिवाळखोरीत जाऊनही उडत राहते म्हणतात. ते कसे?

तिथल्या कायद्याच्या अकराव्या प्रकरणात जुनेच व्यवस्थापन न्यायालयाच्या नजरेखाली कंपनी चालवते. पिनॅकल २०१२ मध्ये तशी गेली, पायलटांनी पगारकपात सोसली आणि कंपनी पुढे एन्डेव्हर नावाने उडू लागली. रिपब्लिक २०१६ मध्ये पायलटांच्या टंचाईचे कारण देत गेली आणि २०१७ मध्ये बाहेर आली. पण कॉमेअर २०१२ मध्ये कायमची बंद झाली. कॉन्टिनेन्टलने १९८३ मध्ये दिवाळखोरीचा आधार घेऊन संघटनेचे करार फाडले, तेव्हा १९८४ मध्ये कलम १११३ आले. त्यानुसार आधी वाटाघाटी करून मगच न्यायालयाच्या परवानगीने करार मोडता येतो. आपल्या दिवाळखोरी कायद्यात तसे संरक्षण नाही. ते असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१७. मुलगा को-पायलट आहे. पगार थकलाय हे त्याने घरी सांगितलेच नाही, आम्हाला बँकेच्या फोनवरून कळले. काय करू?

हा प्रश्न आया विचारतात, आणि जवळजवळ दर महिन्याला. रागावू नका. गावाने पेढे वाटलेला मुलगा पगार नाही म्हणून सांगायला लाजतो. मीही चवथीला घरी आलो तेव्हा उसने पैसे काढून सगळ्यांना कपडे आणले होते. त्याला सांगा की घरातल्यांना कळले आहे आणि चालेल. मग त्याच्याबरोबर बँकेत जा. हप्ता चुकण्याआधी मागितलेली मुदतवाढ मिळण्याची शक्यता जास्त असते. जमीन लगेच विकू नका.

१८. मी नोटीस पूर्ण न करता गेलो. आता कंपनी दिवाळखोरीत आहे आणि रिझोल्यूशन प्रोफेशनल बाँडचे पैसे मागतोय. माझा थकलेला पगार त्यातून वजा करू शकतो का?

स्थगिती एकाच बाजूने चालते. तुम्ही कंपनीवर न्यायालयात दावा करू शकत नाही, कंपनी तुमच्यावर करू शकते. वजावटीबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले की दिवाळखोरी प्रक्रियेत ती सहसा चालत नाही. अपवाद दोन: दिवाळखोरी सुरू होण्याआधीच करारानुसार वजावट लागू झालेली असणे, किंवा दोन्ही रकमा एकाच व्यवहारात गुंतलेल्या असणे. लिक्विडेशन सुरू झाल्यावर मात्र परस्पर देण्याघेण्याची वजावट होते.

म्हणून नेमणूक पत्रात ‘अंतिम हिशेबात येणे-देणे वळते केले जाईल’ अशी ओळ आहे का ते शोधा. बहुतेक पत्रांत ती कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी घातलेली असते. राजीनामा देताना तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून लेखी हिशेब मागितला असेल, तर तो ईमेल आज तुमच्या कामी येऊ शकतो. फॉर्म ‘डी’ पूर्ण रकमेचा भरा, वजावट स्वतःहून करू नका, आणि बाँडच्या मागणीला प्रश्न ५ मधल्या मुद्द्यांसह वेगळे उत्तर द्या. दोन्ही कागद एकाच दिवशी पाठवा आणि पोच मागून घ्या.